रिपोर्ट नॉर्मल आहे

अपेक्षाच्या पोटात सकाळपासून दुखत होतं, आणि गावंडेंच्या घरात पोटदुखीवर ओवा आणि हिंग सोडून तिसरं औषध कुणाला ठाऊक नव्हतं. दोन्ही देऊन झाले. मग ती न्हाणीत चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठं तिच्या सासूबाईंना, म्हणजे दुर्गाबाईंना, दवाखाना आठवला. वैशाखाचं ऊन चढायला लागलं होतं. दर्यापूरहून अमरावतीला जाणारी जीप मिळाली. मागच्या बाकावर अपेक्षाला आडवं घातलं. तिचं डोकं थोरल्या जावेच्या, दामिनीच्या, मांडीवर होतं. समोर दुर्गाबाई पाय आखडून बसल्या होत्या. अपेक्षाचा नवरा अमोल ड्रायव्हरशेजारी बसून सारखा मागं वळून विचारत होता, "कसं वाटून राहिलं?" ती काय सांगणार, कपाळ!

दामिनी नुसती जाऊ नव्हती, सख्खी बहीण होती. मोर्शीकडच्या एका घरातल्या दोन बहिणी गावंडेंच्या दोन भावांना दिल्या होत्या. अशी लग्नं आमच्या वऱ्हाडात पुष्कळ होतात, आणि ती जुळवणारी माणसं स्वतःला फार शहाणी समजतात. थोरली किशोरची, धाकटी अमोलची. नाकडोळे दोघींचे सारखे. लांबून पाहिलं तर शेजारणींचीही गफलत व्हायची.

दवाखान्याच्या दारात जीप थांबेपर्यंत दुर्गाबाईंनी सगळं ठरवून टाकलं होतं. सरकारी योजनेत उपचार हवा तर रेशनकार्डावर नाव लागतं. अपेक्षाचं नाव अजून मोर्शीला बापाच्या कार्डावर होतं. ते काढून इकडे आणायचं काम अमोलकडे होतं, आणि अमोल कुठलंही काम उद्यावर टाकण्यात पटाईत. दामिनीचं फोटो असलेलं योजनेचं कार्ड मात्र दुर्गाबाईंच्या पिशवीत तयार होतं.

"दामिनीच्या नावानं भरती करू," त्या म्हणाल्या. "फोटो पाहून तं तुमचा बापही फसीन."

"आत्याबाई, कोनी पकडलं तं?" दामिनीनं विचारलं. सासूला दोघी आत्याबाईच म्हणत.

"कोन पकडते? अन् तू वो पोट्टे, नाव तेवढं ध्यानात ठेव. दामिनी किशोर गावंडे. म्हन बरं."

अपेक्षानं दुखण्यातही डोळे मिटून म्हटलं, "दामिनी किशोर गावंडे." सासूनं सांगितलेलं ती कधी टाळत नसे. टाळायची तिची छातीच नव्हती.

बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची कॉट मिळाली. डॉक्टर श्रेयस नावाचा तरुण ड्युटीवर होता. त्यानं अपेक्षाचं पोट दाबलं, नाडी पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मग विचारलं, "ताई, पाळी कधी आली होती?"

अपेक्षानं उशाशी उभ्या असलेल्या सासूकडे पाहिलं आणि म्हणाली, "मांगच्याच आठवड्यात."

हे खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे तिथं एकट्या दामिनीला माहीत होतं. अपेक्षाला दिवस गेले होते. तिसरा महिना लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, नजर लागते, अशी आपल्याकडची रीत आहेच. पण अपेक्षाला नजरेची नव्हती भीती. गेल्या वर्षी तिनं दुसऱ्याच महिन्यात आनंदानं सांगितलं होतं. दुर्गाबाईंनी गल्लीभर पेढे वाटले आणि पुढच्याच आठवड्यात ते पडलं. त्यानंतर दुर्गाबाईंची जीभ जी सुटली ती सुटली. हिनं बादली उचलली असेल, हिनं पपई खाल्ली असेल, हिच्या अंगातच धरायचं बळ नाही. विहिरीवर, लग्नात, मरणदारी, जिथं चार बायका जमतील तिथं. या खेपेला अपेक्षानं बहिणीला शपथ घातली होती. "ताई, आत्याबाईले कळू नको देऊ."

डॉक्टरानं लिहून घेतलं, पण त्याचा विश्वास बसला नसावा. लग्न झालेल्या बाईच्या पोटात दुखत असेल तर ती काहीही सांगो, आधी गर्भाची तपासणी करायची, असं त्याला शिकवलं होतं आणि ते बरोबरच होतं. त्यानं सलाईन लावायला सांगितलं. लघवी आणि रक्त तपासायला लिहिलं. सोनोग्राफीचे डॉक्टर सकाळी अकोल्याला जात, ते दुपारनंतर येणार होते. दामिनीला हायसं वाटलं. आता शपथ मोडायची गरज नव्हती. रक्तच काय ते सांगून टाकेल.

थोड्या वेळानं आयाबाई आल्या आणि सलाईनची बाटली हातात धरून अपेक्षाला लघवीसाठी संडासाकडे घेऊन गेल्या. कॉट रिकामी झाली. एवढा वेळ जीपमध्ये अवघडून बसल्यानं दामिनीची कंबर धरली होती. ती जरा टेकली, मग पाय वर घेतले, मग पदर तोंडावर ओढून आडवीच झाली. आपल्या दवाखान्यांत पेशंटच्या कॉटवर पेशंट सोडून बाकी सगळे झोपतात, त्यात नवल नाही.

"दामिनी गावंडे?"

"हो," ती डोळे उघडायच्या आधीच म्हणाली. जन्मभर ज्या नावाला ओ दिली त्याला तोंडातून ओ गेलीच.

समोर तपासणी करणारी माधवी उभी होती. हातात ट्रे, ट्रेमध्ये सुया आणि बाटल्या. ही मुलगी कामाला चोख. पेशंटचं नाव आपण वाचून दाखवायचं नाही, त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, हा प्रयोगशाळेचा नियम ती कधी मोडत नसे. "पूर्ण नाव तुम्हीच सांगा बरं, ताई."

"दामिनी किशोर गावंडे."

"वय?"

"एकोणतीस."

माधवीनं हातातल्या कागदाशी ताडून पाहिलं. अक्षरन् अक्षर जुळलं. जुळणारच होतं, कारण यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं.

दामिनी उठून बसली. 'पेशंट मी नाही' असं म्हणायला तिनं तोंड उघडलंही होतं. पण शेजारच्या कॉटपाशी योजनेचा माणूस उभा होता. एका म्हातारीचं कार्ड हातात धरून तो एकदा फोटोकडे आणि एकदा तिच्या तोंडाकडे बघत होता. दामिनीनं सासूकडे पाहिलं. दुर्गाबाईंनी फक्त हनुवटी हलवली. दे हात.

दामिनीनं हात पुढं केला. दंडाला रबर आवळलं, सुई टोचली, एक जांभळ्या झाकणाची आणि एक लाल झाकणाची बाटली भरली. माधवीनं तिथंच, तिच्या डोळ्यांसमोर, दोन्हींवर नाव लिहिलं आणि दाखवलं. "बरोबर आहे ना?"

"बरोबर हाय," दामिनी म्हणाली.

माधवी खाली गेली तशी दामिनी सासूकडे वळली. "आत्याबाई, ते मायं रक्त गेलं. अपीचं घ्याले सांगू."

"हळू बोल. तो उभाच हाय अजून." दुर्गाबाईंनी आवाज दाबला. "अन् काय बिघडलं? एका मायच्या पोटच्या तुमी दोघी. तुयं रक्त निरायं अन् तिचं निरायं, असं रायते काय?"

दामिनीला एवढंच कळत होतं की त्या बाटल्यांत अपेक्षाचं गुपित गेलेलं नाही. पण शपथ होती, समोर तो माणूस होता, आणि दुपारून सोनोग्राफी होणारच होती. भ्यालेल्या माणसाला थांबायला कुठलंही निमित्त पुरतं.

आयाबाई अपेक्षाला जवळजवळ उचलूनच परत घेऊन आल्या. लघवी झालीच नव्हती. तिला कॉटवर ठेवलं तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते आणि कपाळावर घाम होता. दामिनीनं पदरानं टिपला. बाहेर अंगाची लाही होत होती, आणि हा घाम गार होता.

रिपोर्ट आला तो श्रेयस डॉक्टरांच्या हातूनच. स्वारी खुशीत होती. "रिपोर्ट नॉर्मल आहे," त्यांनी दुर्गाबाईंना सांगितलं. "हिमोग्लोबिन बारा, म्हणजे छानच. गर्भाची तपासणी निगेटिव्ह."

दुर्गाबाईंनी हात जोडले. "देवासारखे भेटले बापा तुमी."

"खरं सांगू का आजी, मला तीच धास्ती होती. कधीकधी गर्भ पिशवीत न राहता बाजूच्या नळीत राहतो. तिथं तो वाढला की नळी फुटते आणि आतल्या आत रक्त वाहत राहतं. बाहेर एक थेंब दिसत नाही. वेळेत कळलं नाही तर बाई काही तासांत जाते. पण यांना दिवसच नाहीत, तेव्हा तो प्रश्न मिटला. उन्हाचा त्रास दिसतो. सलाईन चालू द्या. सोनोग्राफी आपण करूच, पण आता घाई नाही."

दामिनी कॉटचा दांडा धरून उभी होती. डॉक्टर जे जे सांगत होते ते ते तिच्या बहिणीला होत होतं, आणि ते होत नाही म्हणून ते सांगत होते. त्यांनी जाता जाता पुन्हा अपेक्षाची पापणी ओढून पाहिली. पापणीची कड पांढरीफटक दिसत होती. ते क्षणभर घुटमळले, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले. कागदावर बारा होतं. पोटात काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून तर तपासणी करायची, आणि करून आणल्यावर तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा?

"ताई," अपेक्षा म्हणाली. "खांदा दुखून राहिला."

"पोट ना?"

"पोट दुखतेच. आता खांदाही दुखते. अन् तहान लागली लय."

दामिनीला खांद्याचं काही कळलं नाही, पण तिला भीती वाटली. पोटातलं दुखणं खांद्यापर्यंत चढलं होतं. तिनं सासूचा दंड धरला आणि तिला वॉर्डाबाहेर नेलं.

"आत्याबाई, अपी पोटुशी हाय. दीड महिना झाला. डॉक्टर म्हनते तेच झालं असन तिले."

दुर्गाबाई भिंतीला टेकल्या. त्यांच्या तोंडावर आधी आनंदच उमटला, म्हातारीला तेवढाही आवरता आला नाही. मग तो मावळला. "मले काहून नाही सांगितलं?"

दामिनी वॉर्डाच्या दाराकडे वळली.

"मी डॉक्टरले सांगतो आता. ते मायं रक्त होतं म्हनून."

"थांब!" दुर्गाबाईंनी तिचं मनगट पकडलं. "खोट्या नावानं आनली म्हनून हाकलून देतीन आपल्याले. पोलिसात देतीन. अशा दुखण्याची पोट्टी घेऊन या उन्हात कुठी फिरशीन तू? रस्त्यात मरन ते." त्या रडायला लागल्या. हा कठोरपणा नव्हता. दवाखान्यातल्या प्रत्येक टेबलामागं बसलेल्या माणसाला त्या जन्मभर भीत आल्या होत्या. "तू असं कर. खाली जाय अन् त्या पोट्टीले म्हन का रक्त पुन्हा घे. काहून ते नको सांगू."

दामिनी जिना उतरली. उतरताना तिला वाटत होतं की आपण जिना उतरतोय तोवर अपीच्या पोटात रक्त भरतंय.

प्रयोगशाळेच्या काचेच्या खिडकीमागं माधवी बसली होती. तिच्यापलीकडे एक यंत्र रक्ताच्या बाटल्या गरगर फिरवत होतं, दुसरं एकेक बाटली ओढून घेऊन आकडे काढत होतं. माधवीनं मान वर केली आणि ती दचकलीच. "अहो, तुम्ही कशाला उठून आल्या? सलाईन लिहिलंय ना डॉक्टरांनी?"

दामिनीच्या लक्षात आलं. या मुलीच्या लेखी आपणच पेशंट आहोत.

"काढलं सलाईन," ती म्हणाली. एक खोटं निस्तरायला दुसरं. "बाई, मायं रक्त पुन्हा घ्या ना. पुन्हा तपासा."

"रिपोर्ट चांगला आलाय तुमचा. परत घ्यायचं तर डॉक्टरांनी लिहून द्यायला पाहिजे." पण दामिनीचं तोंड पाहून तिला दया आली. "बरं, थांबा. तीच बाटली पुन्हा लावून बघते, म्हणजे तुमच्या मनातली शंका जाईल."

तिनं बाटली हलवली, नाव वाचलं, यंत्राला लावली. दामिनी काचेतून बघत राहिली. सकाळी यंत्राची परीक्षा घेतली होती, बाटलीवरचं नाव बरोबर होतं, करणारी मुलगी नेकीनं काम करत होती. कशातच खोट नव्हती. हजार वेळा लावली असती तरी त्या बाटलीतून दामिनीची तब्येतच बाहेर आली असती.

"बघा, बाराच," माधवी हसून म्हणाली. "आता निवांत जाऊन पडा."

दामिनी हलली नाही. आतल्या टेबलाशी डॉक्टर शैला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. प्रयोगशाळा त्यांची. केस पांढरे, आवाज करडा, आणि शहरातल्या डॉक्टरांनाही फोनवर झापायची ख्याती. त्यांनी डोळा काढला आणि खिडकीत उभ्या बाईकडे पाहिलं.

"काय गं, काय म्हणतात या?"

"मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी पुन्हा रक्त घ्या म्हणतात."

डॉक्टर शैला उठून खिडकीपाशी आल्या. "तीस वर्षं झाली मला इथं. वाईट रिपोर्टशी लोक भांडतात. चांगल्या रिपोर्टशी भांडायला अजून कुणी आलेलं नाही. खरं काय ते सांगा."

दामिनीनं मागं पाहिलं. दुर्गाबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन उभ्या होत्या, कठड्याला धरून. त्यांनी मान हलवली. नको, नको.

"ते मायं रक्त हाय," दामिनी म्हणाली. आवाज फुटला तो मोठ्यानंच फुटला. "पेशंट मी नाही. मायी बहीण हाय वर. आमी तिले माया नावानं आनलं. तिची पाळी दीड महिन्यापासून गेली हाय अन् ते मरून राहिली, बाई. माया रक्तावर ते बरी हाय म्हनून ठेवली तिले."

माधवीच्या हातातलं पेन गळालं. डॉक्टर शैलांनी तोवर फोन उचललाही होता. "श्रेयस, खिडकीजवळची गावंडे. तिचा रिपोर्ट तिचा नाही. ऐकलंस? त्या कागदावर काहीही ठरवू नकोस. तिला दिवस आहेत, नळीतलं समजूनच चाल. मोठ्या मॅडमना बोलव, ऑपरेशनची खोली उघडायला सांग. माधवी येतेय वर." त्यांनी फोन ठेवला आणि दामिनीकडे बोट केलं. "तुम्हाला काय बोलायचं ते मी नंतर बोलेन. आता पळा."

तिघी जिना चढल्या. दुर्गाबाईंना धाप लागली होती, पण त्या थांबल्या नाहीत. वॉर्डात श्रेयस डॉक्टर कॉटशी ओणवे झाले होते, रक्तदाब मोजायचा पट्टा पुन्हा पुन्हा आवळत होते, आणि त्यांचा चेहरा अपेक्षाइतकाच उतरला होता. योजनेचा माणूसही गडबड ऐकून आला होता.

माधवीनं सुई हातात घेतली. पण आधी तिनं विचारलंच. आता तर तिला विचारायलाच हवं होतं. "ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा."

अपेक्षानं डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते. "दामिनी," ती म्हणाली. "दामिनी किशोर गावंडे."

"अपे!" दामिनी तिच्या तोंडावर वाकली. "आता नाही म्हनाचं ते. तुयं नाव सांग. तुयं."

अपेक्षाची नजर तिच्या बाजूनं सासूकडे गेली. शुद्ध जात होती, तरी ती परवानगी शोधत होती. दामिनीला वाटलं आता ही अशीच जाणार, माझ्याच नावानं जाणार.

"अपेक्षा हाय तिचं नाव," दुर्गाबाई म्हणाल्या. योजनेच्या माणसाकडे पाठ न करता, त्याच्या तोंडावर म्हणाल्या. "अपेक्षा अमोल गावंडे. धाकली सून हाय मायी. कार्ड थोरलीचं दिलं, म्या दिलं. काय कराचं ते माया नावानं करा, पन हिले वाचवा."

"म्हणजे कार्ड दुसऱ्याचं—" तो माणूस पुढं झाला.

"बाजूला व्हा!" श्रेयस डॉक्टर ओरडले.

शीर सापडेना. माधवीनं एका हातावर टोचलं, दुसऱ्यावर टोचलं, शेवटी मनगटापाशी जेमतेम रक्त आलं. तिनं बाटलीवर नवीन नाव लिहिलं आणि ती खाली पळाली. थोड्याच वेळात फोन आला. वॉर्डात सगळे गप्प होते म्हणून डॉक्टर शैलांचा आवाज रिसीव्हरबाहेरही ऐकू आला. गर्भ आहे. हिमोग्लोबिन पाच. रक्तगटही बहिणीचा नाही.

तोवर अपेक्षाला ढकलगाडीवर घेतलंही होतं. बायकांच्या वॉर्डाबाहेर बसलेल्या अमोलला नवीन बाटली आणि चिठ्ठी देऊन रक्तपेढीकडे पिटाळलं. त्या पोरानं आयुष्यात पहिल्यांदा काही उद्यावर टाकलं नाही.

ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. दामिनी आपल्या कोपराच्या खळगीतला कापसाचा बोळा बघत होती. तिच्या अंगात बारा होतं. ती जेवत होती, झोपत होती, धडधाकट होती, आणि तिच्या त्या धडधाकटपणानं बहिणीचा जीव घ्यायला काढला होता. मी तोंड उघडलं तोवर उशीर झाला असेल तर?

डॉक्टर शैला वर आल्या आणि त्यांनी खरंच दोघींना फैलावर घेतलं. "आम्ही खाली बसून माणूस बघत नाही, बाई. आम्ही बाटली बघतो. वरच्या डॉक्टरला तुमच्या पोटातलं जे दिसतं ते आमच्या डोळ्यांनी, आणि आम्हाला दिसतं ते त्या बाटलीतून. तुम्ही आम्हा दोघांच्याही डोळ्यांत धूळ टाकलीत. नाव नव्हतं कार्डावर, तर तसं सांगायचं. मरणाच्या दारातल्या बाईला कुणी परत पाठवतं?" दुर्गाबाई खाली मान घालून ऐकत होत्या. परत पाठवलेली माणसं त्यांनी पाहिली होती, पण ही वेळ ते सांगायची नव्हती. बोलून झाल्यावर डॉक्टर शैला त्याच बाकावर बसल्या आणि खाली काम पडलेलं असतानाही बराच वेळ उठल्या नाहीत.

अमोल खोक्यातून रक्त घेऊन आला. ते आत गेलं. मग दुसरं मागवलं, तेही गेलं. दर वेळी दार उघडलं की तिघंही उठून उभी राहायची. उन्हं उतरली तेव्हा मोठ्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी आधी टोपी काढली, घाम पुसला, आणि दामिनीला वाटलं की आता त्या ते सांगणार.

"वाचली," त्या म्हणाल्या. "पोट रक्तानं भरलं होतं. त्या बाजूची नळी काढावी लागली. गर्भ काही राहायचा नव्हताच."

अमोल खाली बसला आणि रडला. दुर्गाबाई रडल्या नाहीत. त्या नुसत्या दाराकडे बघत राहिल्या.

रात्री दोघींना आत सोडलं, चपला बाहेर काढून. अपेक्षाच्या दोन्ही हातांना नळ्या होत्या. एकीतून रक्त उतरत होतं, आणि आता ते तिला जुळणारं होतं. ओठांना किंचित रंग आला होता. दामिनी उशाशी बसली. दुर्गाबाई पायाशी, अपेक्षाच्या नजरेत येणार नाहीत अशा उभ्या होत्या.

बऱ्याच वेळानं अपेक्षाच्या पापण्या हलल्या. ती काहीतरी पुटपुटली. दामिनीनं कान तिच्या तोंडाशी नेला, पण खोली इतकी शांत होती की तेवढ्या जवळ जायची गरज नव्हती.

"ताई, पडलं का ते?"

दामिनीनं तिच्या केसांवरून हात फिरवला.

"आत्याबाईले सांगू नको," अपेक्षा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मायी शपथ हाय तुले. ते मले लय बोलतीन."

पोटातलं सगळं रक्त सांडून, एवढ्या दुरून माघारी आलेली पोर, आणि तिला भीती कसली वाटत होती तर ही. दामिनीनं मान वर करून पायाशी पाहिलं. दुर्गाबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. पुढं आल्या नाहीत. अपेक्षानं मान वळवली असती तर त्या तिला दिसल्या असत्या. म्हणून त्या अनवाणी पायांनी, आवाज न करता, एकेक पाऊल मागं सरकत हिरव्या पडद्याआड गेल्या.

"नाही सांगत," दामिनी म्हणाली. "तू झोप."

पडद्याखाली दुर्गाबाईंची पावलं दिसत होती. अपेक्षाला झोप लागेपर्यंत ती तिथून हलली नाहीत.